प्रल्हादकाकांनी काढलेला रेडिएटर

न्यू जर्सीतले आमचे शेजारी प्रल्हादकाका म्हणजे नागपूरचे रिटायर्ड इंजिनियर. प्लंबरला फोन करणं म्हणजे त्यांच्या डिग्रीचा अपमान. जानेवारीत मोठा फ्रिज घेतला आणि त्याला जागा हवी म्हणून किचनमधला, बॉइलरच्या गरम पाण्यावर खोली उबदार ठेवणारा जुना लोखंडी रेडिएटर काढायचं त्यांनी ठरवलं. हमाल अर्थात मी.

माणूस चक्रम, पण काम चोख. आधी बॉइलर बंद केला. पाणी गार होईपर्यंत तीन तास मला स्वतःचं कर्तृत्व ऐकवलं. मग दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, खाली बादली लावली, नट सैल केला आणि वरची हवेची चावी उघडली. काळंकुट्ट पाणी गुपचूप बादलीत आलं. उघड्या पाइपांना टोपणंही बसवली. फरशीवर एक थेंब नाही! ते धूड गॅरेजमध्ये नेताना कंबर मात्र माझीच धरली.

"प्लंबरच्या बापाला जमलं नसतं!" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी भातावर दही मागितलं, तर अहिल्याकाकूंनी दूध वाढलं. तिसऱ्या दिवशीही दूधच.

"अगं, दही का लागत नाहीये?" काका भडकले.

"वीस हिवाळे विरजणाचं भांडं मी कशावर ठेवत होते, ते कधी पाहिलंत?"

रविवारी रेडिएटर परत जागेवर आला आणि फ्रिज गॅरेजमध्ये गेला.

"काढून बघितल्याशिवाय कसं कळणार?" असं म्हणून काकांनी पुन्हा दहीभात वाढून घेतला.