नीलांती मिस विठ्ठलवाडीच्या

काही माणसांचे किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. टाकवत नाहीत, आणि कोणी आलं की एखादी हाताशी येतेच!

आम्ही तिघी, मी, माझ्याबरोबर शिकवणारी सुजाता आणि शाळेतल्या शोभामावशी, महिन्यातून एकदा मानपाड्याला माझ्या घरी जमतो. गप्पा गुडघ्यांपासून सुरू होतात, सुनांवरून जातात आणि दुसरा चहा होईपर्यंत नीलांतीवर येतात. ती जाऊन दीड वर्ष झालं. पण तिच्या गोष्टी सांगताना आम्ही इतक्या हसतो, की खालच्या वहिनींना वाटतं, आमच्यापैकी कोणाला तरी भिशी लागली!

नीलांती मूळची श्रीलंकेची, कँडीजवळच्या गावातली. तिकडेच मॉन्टेसरीचं ट्रेनिंग केलं, मग दुबईत बालवाडीत नोकरी. तिथे एसी दुरुस्त करायला मिलिंद गायकवाड आला. एसी दुरुस्त झाला, तरी मिलिंद येत राहिला! लग्न करून ती विठ्ठलवाडीला आली आणि वर्षभरात डोंबिवलीच्या आमच्या मॉन्टेसरीत लागली. तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून केलेली शाळा. मीही तेव्हा नवीनच होते.

* * *

सासूबाईंना आधी फार धाकधूक होती. "परदेशातली पोरगी. आपल्यात रुळेल का?"

पहिल्याच संध्याकाळी घरात बुद्धवंदना होती. सगळे हात जोडून बसले, सासूबाईंनी त्रिशरण सुरू केलं, आणि मागून नव्या सुनेचा आवाज आला. सगळं पाठ! पुढचं पंचशीलही पाठ!

सासूबाई मधेच थांबल्या. "अगं बाई, हिला आपलं सगळं येतंय!"

फक्त नीलांती 'सरणं'ला 'सरणंग' म्हणायची. सासूबाईंनी तिला दुरुस्त केलं. तिने अगदी नम्रपणे सासूबाईंना दुरुस्त केलं! तो वाद काही शेवटपर्यंत मिटला नाही. पण दुसऱ्या दिवशी चाळीत कोणीतरी "सून बाहेरची का हो?" असं विचारलं, तर सासूबाई फणकाऱ्याने म्हणाल्या,

"सून घरचीच आहे. उच्चार तेवढे बाहेरचे आहेत!"

* * *

तिकडचं नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यावर येतं, म्हणजे नेमकं आपल्या चौदा तारखेच्या जयंतीच्या वेळेला. नीलांती नारळाच्या दुधात भात शिजवून त्याच्या वड्या पाडायची आणि सोबत लाल मिरचीची चटणी. चाळभर ताटं जायची. चटणी खाऊन सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी!

एकदा मी जयंतीला तिच्याकडे गेलेले, तर सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "हिच्या देशात जयंती केवढी मोठी असते माहितीये? सगळ्यांना सुट्टी, नवीन कपडे, फटाके. सगळं सरकारी!"

मी नीलांतीला कोपऱ्यात घेतलं. "अगं, खरं काय ते सांग ना त्यांना."

ती म्हणाली, "दिवस बरोबर. सुट्टी बरोबर. फटाके बरोबर. खोटं कुठे आहे?"

* * *

मराठी ती शिकली वर्गातल्या मुलांकडून. त्यामुळे तिचं मराठी अगदी स्वच्छ होतं, पण साडेतीन वर्षांचं!

एकदा मीटिंगमध्ये आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रिन्सिपल, म्हणाल्या, "यापुढे शनिवारीही पूर्ण दिवस शाळा." आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. नीलांती ताडकन उभी राहिली.

"नाही जा! मग मी कट्टी!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शनिवार अर्धाच राहिला.

आणि एकदा आम्ही दोघी रिक्षातून स्टेशनला निघालो होतो. रिक्षावाला पन्नाशीचा, पण काय हाणत होता! नीलांती पुढे वाकून म्हणाली, "काका, हळू चालवा. नाहीतर मी बाईंना तुमचं नाव सांगेन!"

त्याने आरशात एकदा तिच्याकडे बघितलं. मग स्टेशनपर्यंत रिक्षा अशी चालवली, की मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला.

* * *

काचेच्या पेल्यांचं प्रकरण मात्र तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. नीलांतीच्या वर्गात तीन-तीन वर्षांची मुलं काचेच्या पेल्यात पाणी ओतून प्यायची. त्यातल्या ओमच्या वडिलांना हे कळल्यावर ते इतर पालकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आले. पेले काढा, नाहीतर बाईंना काढा. मोठ्या बाई घाबरल्या. "नीलांती, प्लास्टिकचे आणू या. कशाला वाद?"

"प्लास्टिकचा पेला पडला तर काहीच होत नाही," नीलांती म्हणाली. "मग मुलाला जपायचं कळणार कसं?"

ओमच्या वडिलांना तिने वर्गात बोलावलं. "तासभर बसा. मग तुम्ही सांगाल ते करू." ते छोट्याशा खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलं येत होती, दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होती, पेला जागेवर ठेवत होती. अर्ध्या तासात एकही थेंब सांडला नाही. मग ओमच्या वडिलांचा फोन वाजला. खिशातून फोन काढताना कोपर लागलं आणि खळ्ळकन पेला फुटला!

ओम उठला, कोपऱ्यातला छोटा झाडू आणि सुपली घेऊन आला आणि म्हणाला,

"बाबा, घाबरू नका. जागचे हलू नका फक्त. मी करतो."

अर्जाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पण जाताना त्यांनी नीलांतीला विचारलं, "हा छोटा झाडू कुठे मिळतो हो?"

* * *

तिच्या इथे राहण्याच्या कागदपत्रांची अधूनमधून तपासणी व्हायची. एकदा त्यासाठी एक हवालदार थेट शाळेत आले. दारातच एका मुलीने त्यांना अडवलं. "काका, बूट बाहेर." त्यांनी मुकाट्याने बूट काढले. तिने ते उचलून रांगेत नीट लावले.

हवालदारांनी वही उघडली. "तुम्ही दुसऱ्या देशातल्या ना, मॅडम?"

नीलांतीने तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "नाही काका! मिस विठ्ठलवाडीच्या आहेत!"

* * *

तिची आई तिकडे वारली, तेव्हा नेमके तिचे कागद कुठेतरी अडकलेले. जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. मी म्हटलं, "अगं, घरी थांबायचंस." तर म्हणाली, "घरी काय करू?"

मुलांपासून काही लपत नाही. एकीने विचारलं, "मिस, तुम्ही का रडता?"

"माझी आई गेली."

ती मुलगी म्हणाली, "मग आता तुमची वेणी कोण घालणार?"

मधल्या सुट्टीत शोभामावशी कंगवा घेऊन आल्या, नीलांतीच्या मागे बसल्या, केस सोडले, विंचरले आणि घट्ट वेणी घातली. त्यानंतर कितीतरी दिवस रोज मधल्या सुट्टीत हा कार्यक्रम चालू होता. नीलांतीचे केस तेव्हा खांद्यापर्यंतच होते. वेणी बोटभर व्हायची!

* * *

आणि तन्वी.

तन्वी घरी बोलायची, शाळेत मात्र अक्षर नाही. वर्ष होत आलं. आई काळजीने वाळून गेलेली, डॉक्टर झाले, सगळं झालं. आम्ही तिला चॉकलेट दाखवायचो, "बोल ना गं, बोल ना" करायचो. नीलांती मात्र तिला जवळ घेऊन बसायची, रंगीत ठोकळे लावता लावता तिच्याशी हळू आवाजात बोलत राहायची. सिंहलमध्ये!

मी एकदा चिडलेच. "अगं, तिला मराठी फुटत नाहीये आणि तू हे काय लावलंयस?"

"मराठीत सगळे तिला 'बोल, बोल' म्हणतात," नीलांती म्हणाली. "माझ्या भाषेत तिला अजून कोणी 'बोल' म्हटलेलं नाही."

मग एकदा नीलांती तापाने चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी ती दारात दिसली, आणि तन्वी जागेवरून उठली. चालत तिच्यापाशी गेली, तिचा पदर धरला आणि सगळ्या वर्गासमोर, खणखणीत आवाजात, एक लांबलचक वाक्य बोलली. सिंहलमध्ये!

नीलांतीने खाली बसून तिला जवळ घेतलं. हसत होती की रडत होती, कळेना. संध्याकाळी तन्वीच्या आईचा फोन. "बाई, मुलगी शाळेत बोलली म्हणे! पण काय बोलली?"

आम्ही नीलांतीला खूप खोदून विचारलं. ती एवढंच म्हणायची, "ते तिचं आणि माझं." शेवटपर्यंत तिने सांगितलं नाही.

तन्वी आता कल्याणला कॉलेजात आहे. वादविवाद स्पर्धेत बक्षिसं मिळवते, ऐकणाऱ्याला बोलू देत नाही! मागच्या महिन्यात बाजारात भेटली. मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. "तन्वी, आता तरी सांग. त्या दिवशी तू नीलांती मिसला काय म्हणालीस?"

ती हसली. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी सावकाश, एक एक शब्द सुटा करून तिने मला ते सांगितलं.

सिंहलमध्ये!