हळदीआधी उकळलेली कवळी

वरचे दात गेले तेव्हा मला खायची काळजी नव्हती. भात गिळता येतो, भाकरी कालवणात बुडवली की झालं. पण मी धवलारीण. खालापूरकडच्या आमच्या पाच-सहा गावांत लग्न निघालं की धवले म्हणायला, देवांना आणि गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायला मलाच नेतात. आता गायला तोंड उघडलं की नुसता फुसफुसाट. बायका पदराआड हसायच्या आणि माझा जीव जळायचा. त्यातच धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलं. बहीण तीन वर्षांपूर्वी गेली. जाताना मला बोलली होती, "हिच्या हळदीला तूच बोलव गं मला. दुसऱ्या कुनाच्या हाकेला मी येनार नाय."

मुलाने गाडीवर बसवून कर्जतला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी माझ्या सुनेच्या वयाची, पण समजावून सांगायची हौस दांडगी. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचे, तर त्याला महिने लागणार, शिवाय माझी साखर वाढलेली आणि हाड झिजलेलं. शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने पूल बसवायचा, तर शेजारी उरलेत कुठे? राहिली काढघाल करायची कवळी.

"हिच्यानं गाता येल ना?" मी विचारलं.

"मावशी, लोक आधी मटण खाता येईल का विचारतात."

"मटनाचं मी बघून घेईन."

कवळी आली. पहिले आठ दिवस तोंडात कुणीतरी चप्पल कोंबल्यासारखं वाटायचं. हिरड्या सोलल्या, दोनदा जाऊन घासून आणली. रोज दुपारी गोठ्यात म्हशीसमोर बसून धवले म्हटले. म्हैस निदान हसत तरी नव्हती. हळूहळू जमलं.

आणि हळदीच्या आदल्या दिवशी मीच माती खाल्ली. धवले म्हणायचे ते न्हाऊन, उपाशीपोटी, स्वच्छ तोंडाने. मनात आलं, हे दात कुणी घडवले, कुठे कुठे ठेवले कुणास ठाऊक, आणि याच तोंडाने देवाचं नाव घ्यायचं. म्हणून उकळतं पाणी कवळीवर ओतलं आणि वर झाकण ठेवलं. काढून बघते तर टाळूची बाजू वाकडी. एकीकडे दाबली की दुसरीकडे निसटायची.

"आई, डॉक्टरीण गार पानी बोललेली ना?" मुलगा म्हणाला.

"बोललेली. आता मला शिकवू नको, गाडी काढ."

कर्जत येईपर्यंत मी मनातल्या मनात बहिणीची माफी मागत होते.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ही आता सरळ व्हायची नाही, नवीच करावी लागेल आणि ती उद्यापर्यंत होणार नाही. पण आतून घासून मऊ लेप भरून देते, चार दिवस निभेल. लेप भरून कवळी तोंडात बसवली, घट्ट चावून धरायला लावली. मग म्हणाल्या, "आता गा."

"हितं?"

"इथंच. सुटायची असेल तर माझ्यासमोर सुटू दे."

मी गणपतीला बोलावलं. बाहेर बाकावरची माणसं दारातून डोकावली. कवळी जागची हलली नाही. शब्द पूर्वीसारखे खणखणीत आले आणि त्या खुर्चीतच मी ढसाढसा रडले. इतका वेळ धरून ठेवलेला जीव मोकळा झाला बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवात बसले. देव बोलावले, घरातली जुनी माणसं बोलावली, मग बहिणीचं नाव घेतलं. पोरगी हळदीने माखलेली, खाली मान घालून बसली होती. तिने मान वर केली.

"मावशे, परत घे ना आईचं नाव."

एकदा बोलावलेल्याला धवल्यात परत बोलवत नाहीत. तशी आमची रीतच आहे, आणि मोडली तर बायका वर्षभर बोलतात.

मी परत घेतलं.