बाबाराव काकायच्या आवाजातला फोन

पांढरी साडी, पैंजणाचा आवाज, पिंपळाखाली रडणारं कुत्रं... यातलं काहीच भेटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्यायले तेच पाहिजे त्यायनं दुसरीकडं जावं. माह्या किश्श्यात संध्याकाळचं ऊन आहे, चहा आहे, अन् यवतमाळातल्या एका पेपरचं ऑफिस आहे — खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही. भुताखेतावर माहा काडीचा विश्वास नव्हता. उलट कॉलेजात भुताचे आवाज काढून पोरायले भेववणारा मीच.

आवाज काढणं हे माहं जुनं येड. कंडक्टरचा काढतो, आमचे संपादक काळे सर त्यायचा काढतो, अन् सगळ्यात भारी काढतो दिग्रसचे वार्ताहर बाबाराव काकायचा. काकायचा फोन म्हणजे आधी खोकला, मग "हॅलो हॅलो, आवाज येऊन राह्यला काय?" अन् दर वाक्यामागं "लिहून घे."

आता निखिल. माह्यासोबतच नोकरीले लागला, समोरच्या टेबलावर बसते. वकिलाचं पोरगं. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं पुस्तकातलं. दोघायलेही खेळाचं पान पाहिजे होतं. मी मथळा दिला की सर म्हणत, "तुह्या मथळ्यात रोज कोणाचा न कोणाचा धुव्वाच उडते काय बे?" अन् निखिलनं चार शब्द लिहिले की चष्मा काढून दोनदा वाचत. दोनदा! माह्या पोटात असं जळे की ऑफिसातल्या चहाले गॅस लागला नसता.

त्या दिवशी दिग्रसले जिल्हा कबड्डीची फायनल होती. आर्णी विरुद्ध झरी. सर म्हणाले, "आज ज्याचा मथळा लागन, खेळाचं पान त्याचं."

आमचं पान छपाईले नागपूरले जाते, म्हणून संध्याकाळीच सोडा लागते. सामना दुपारचा, पण तो सत्कारात लटकला. पाहुण्याले शाल-श्रीफळ, मंडपवाल्याले शाल-श्रीफळ, मंडपवाल्याच्या भावाले... अशा टायमाले आमच्याकडं दोन मथळे तयार ठेवतात. हा जिंकला त हा, तो जिंकला त तो.

मध्यंतराले काकायचा खरा फोन आला — आर्णी चिक्कार पुढं, झरीच्या कप्तानाचा पाय मुरगळला. झालं! मी "आर्णीचा डंका!" लिहून मोकळा. झरीचा मथळा लिहिलाच नाही. निखिल मात्र दोन्ही घासत बसला होता. एक शब्द खोडे, दुसरा लिहे, अन् स्वतःशीच मान हलवे. मले ते पाहवेना.

मी गॅलरीत गेलो अन् मोबाइलवरून ऑफिसच्या लँडलाइनले फोन लावला. प्लॅन साधा होता. काकायच्या आवाजात सांगायचं की मैदानावर भांडण झालं, सामना उद्यावर ढकलला. निखिल पेन ठेवन. मग काकायचा खरा फोन आला की घाईत माहा डंका लागन.

निखिलनं उचलला. मी खोकललो. "हॅलो हॅलो, आवाज येऊन राह्यला काय?"

इथपर्यंत मी होतो. पुढं... कसं सांगू? तोंड माहंच, पण शब्द माहे नाही.

"झरी जिंकली, लिहून घे. कप्तानाच्या जागी राखीव पोरगा उतरला, लच्छू नाव, लिहून घे. शेवटच्या चढाईत तिघायनं धरला, जर्सी फाटून त्यायच्या हातात राह्यली, पोरगा उघडाच मधल्या रेषेले भिडला, लिहून घे."

मी फोन कापला. लच्छू हे नाव मी त्या दिवसापर्यंत कुठंच ऐकलं नव्हतं, आईची शपथ.

आत आलो त निखिलच्या स्क्रीनवर मथळा: "जर्सी आर्णीच्या हाती, चषक झरीच्या!"

सरायनं चष्मा काढला. वाचला. परत वाचला. परत वाचला.

"पक्कं आहे ना?"

"काकांचा स्वतःचा फोन होता, सर."

मी तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. मनात म्हणलं, जाऊ दे छापायले. जिंकन त आर्णीच. उद्या आर्णीवाले ऑफिसात येतीन अन् याची इस्त्री उतरवतीन. पान नागपूरले गेलं.

चहा संपला नव्हता त लँडलाइन वाजला. सरायनं स्पीकरवर टाकला. खोकला. "हॅलो हॅलो, आवाज येऊन राह्यला काय? आत्ताच संपला सामना. झरी जिंकली, लिहून घे..."

लच्छू. तिघं. जर्सी. मधली रेषा. शब्दाले शब्द तेच, त्याच क्रमानं.

निखिल म्हणाला, "काका, हे तुम्ही मघाशीच सांगितलं ना?"

"मी? शुद्धीवर आहे काय बाप्पा? मघाशी त तो पोरगा बाकावर बसला होता! त्याचं नाव मी आत्ता त्याच्या मास्तरले इचारलं."

ऑफिसातल्या सगळ्या माना माह्याकडं वळल्या. काकायचा आवाज कोण काढते हे खालच्या झेरॉक्सवाल्यालेही माहीत आहे. मी सगळं सांगून टाकलं.

झरी जिंकणं योगायोग म्हणा. जर्सी फाटणंही म्हणा. पण नाव? तुमच्यापैकी कोणाले समजलं त मलेही सांगा. त्या दिवसापासून काकायचा आवाज काढत नाही. साधा खोकला आला तरी आधी तोंडावर हात ठेवतो. अन् खरं सांगू? भेव वाटलं ते वाटलंच, पण त्याच्याहून जास्त हे लागलं, की खबर माह्या तोंडातून निघाली अन् चष्मा निघाला निखिलसाठी.

सर उठले. "पान सोडायच्या टायमाले खोटा फोन करतं? आर्णी जिंकली असती त वाचकायच्या पाया पडाले तू गेला असता काय?"

स्पीकर चालूच होता. तिकून काका वरडले, "अन् माहा खोकला कायले काढतं बे? मी काय हौसेनं खोकलतो?"

निखिल हसला. शर्टाले सुरकुती पडू न देता.

"आजपासून खेळाचं पान निखिलकडं, तू बाजारभाव पाह्य," सर म्हणाले. "आवाज काकाचा, मथळा निखिलचा, अन् खबर कोणाची ते देवाले माहीत... तुहं काय होतं बे त्याच्यात?"