लाल ओळ

संध्याकाळच्या कोडिंगच्या क्लासला येणाऱ्या शिंदेबाईंचा प्रोग्राम आज चालेना. उत्तर 'येस' आलं का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. पण त्या शब्दाला अवतरणचिन्हं लावायची राहिली होती. म्हणून कॉम्प्युटर 'येस' हे कशाचं तरी नाव समजून त्या नावाचा व्हेरिएबल शोधत बसला आणि असा कुणी इथे नाही, असं लाल अक्षरांत लिहून मोकळा झाला.

बाईंनी ब्राउझर बंद करून उघडला, मशीन रीस्टार्ट केलं, शेवटी माऊससुद्धा बदलून पाहिला.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"वाचलं नाही सर. लाल होतं ना."

मला या जमातीची कीवही येत नाही. समोरचा नेमकं काय बिघडलंय ते सांगतोय, कितव्या ओळीत तेही सांगतोय. ही माणसं वाटेल ते कष्ट उपसतील, पण तेवढं वाचणार नाहीत. चूक दुरुस्त व्हायला नकोच असते त्यांना, फक्त ते लाल डोळ्यांसमोरून जायला हवं असतं.

मी दोन्ही बाजूंना चिन्हं टाकली. प्रोग्राम चालला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. महिनाभर माहेरी असलेल्या बायकोचा लांबलचक मेसेज होता, या आठवड्यातला तिसरा. मी न वाचताच 'बरं' लिहून पाठवलं.