उजव्या अंगाचं काळीज

आमचे हे, खुशालराव, तेल्हाऱ्याच्या बाजारात घरच्याच वावरातले वांगे अन् मेथी इकतात. माणूस सोन्यावानी, पण डावखुरा. सकाळची बोहणी डाव्या हातानं झाली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करते, म्हणून पहिलं गिऱ्हाईक मीच घेते. "डाव्या, उजव्या हातानं दे न!" हे ऐकण्यातच यायची जिंदगी गेली. बोलत नाईत, पण लागे मनाले.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या रोहित आला. अमरावतीले कॉलेजात शिकून राहिला. यायनं त्याले इचारलं, लोकं उजवेच जास्त काहून? तो म्हणे, "काकाजी, जुन्या काळी डाव्या हातात ढाल धरली की काळीज झाकलं जाये. उजव्या हातानं वार करणारे जास्त वाचले, त्यायचीच पिढी वाढली. असा काही लोकायचा अंदाज हाये, बरं. पक्कं कोणालेच माहीत नाई."

अंदाज गेला उडत! आमचे खुशालराव अर्ध्या हळकुंडानं पिवळे. "म्हणजे डावखुऱ्यायचं काळीज उजव्या अंगाले असते! आमी घडलोच वेगळे!" रोहितनं हात जोडले, "काकाजी, मी असं नाई म्हणलो." ऐकते कोण? बाजारात ज्याले-त्याले सांगत सुटले. नुसता वैताग.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी वांग्याचं कॅरेट उचलता उचलता मटकन खाली बसले. घामानं सदरा ओलाचिंब. छाती डावीकडं दुखे, डावा हात जड पडलेला. म्या म्हणलं, "उठा, दवाखान्यात चला."

"कायले? माहं काळीज उजवीकडं हाये पार्वता. हे गॅसचं दुखणं. जराकसा ओवा आन."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओवा चावत मरता काय?" बाजूच्या दुकानातले नत्थुजी समजावून थकले, तरी बुढा आपला ओव्यावरच अडून. मंग म्या कोणाची लाज धरली नाई. भर बाजारात यायच्या सदऱ्यात हात घातला. डावीकडं धडधडून राहिलं होतं. यायचाच हात ओढून तिथं दाबला. "घ्या, पाहा! हे काय नाचून राहिलं? गॅस?"

तोंड उतरलं. गुपचूप नत्थुजीच्या गाडीत बसले. अकोल्याले नेलं, नस बंद झाली होती, ते डॉक्टरीणबाईनं उघडली. म्हणे अजून उशीर झाला असता तर काई खरं नोतं.

दुसऱ्या दिवशी यायनं तिलेही इचारलं, डावखुऱ्यायचं काळीज उजवीकडं असते न? बाई हसल्या. "आजोबा, डावखुऱ्यांचंही हृदय डावीकडंच असतं. हजारोंत एखाद्याचं उजवीकडं असतं, पण तेही लोक बहुतेक उजव्याच हाताचे असतात."

मले वाटलं, आता तरी "चुकलो" म्हणतीन. छे! छातीवर डावीकडं हात ठेवून पाह्यला. मंग लेकरावानी रडाले लागले.

"पार्वता, म्हणजे माह्यात काईच उलटं नोतं?"

"नाई न बापा! कितीदा सांगू?"

"मंग लहानपणी मायनं माहा डावा हात खाटेले काहून बांधून ठेवला होता?"

चाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, हे कधी सांगतलं नोतं. म्या पदरानं डोळे पुसले त्यायचे. सासूले जाऊन लय वर्षं झाले. ते जित्ती होती तवा म्या तिले कधी उलटून बोलले नाई. काहून नाई बोलले, असंच वाटून राहिलं.