नाल्याचं जुनं वळण

झोपेत मी नेहमी त्याच जागी जायची. धुकं असायचं, पौषातलं, दुधासारखं. मिलची चिमणी अर्धीच दिसायची, वरचं टोक आभाळात विरघळून गेलेलं. मग दोन ताड. मग विहीर. विहिरीच्या मागे नाला हळूच वळायचा, झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा. आणि त्या वळणावर पाण्यात कुणीतरी उभं असायचं, लहानसं, माझ्याकडे पाठ करून. मी म्हणायची, "बाहेर ये रे, गार लागेल." तो वळायचा नाही. मला जाग यायची तर माझेच पाय गार पडलेले असायचे.

विहिरीच्या मागची ती जागा मी उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या ह्यांच्या तोंडून एकदा ऐकली होती, तेवढ्यावर स्वप्नाने बाकीचं सगळं उभं केलं.

माझं पहिलं पोर पौषात झालं, दिवस भरायच्या आधीच. मुलगा. तेव्हा मिल बंद पडलेली, आमचे हे घरी बसलेले. मिलमजुरांच्या चालीतली पत्र्याची खोली, एकदम नाल्याच्या अंगाला. जाळायला काही नसायचं. शेजारणीची चूल विझायला आली की मी तवा घेऊन जायची आणि निखारे मागून आणायची, ते खोलीपर्यंत येता येता अर्धे काळे व्हायचे. पोराला पोटाशी धरून बसायची, वरून लुगडं, त्याच्यावर ह्यांचा कोट. पोराचं अंग थोडं गरम व्हायचं, पण तळहात नाही व्हायचे. तोंडात धरून फुंकर घालायची मी. बारशापर्यंत राहिला नाही तो.

इतकं लहान पोर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी जायचं नाही. खूण ठेवायची नाही, नाहीतर जीव तिथेच घुटमळतो म्हणतात. पुरून आलेल्याने मागे वळून बघायचं नाही आणि घरातल्या बाईने कुठे ते विचारायचं नाही. मी नाही विचारलं. हे आले, अंघोळ केली, भिंतीकडे तोंड करून बसले. सासू म्हणाली, "ऊठ, दोन भाकऱ्या टाक. तो कालपासून उपाशी आहे." खरंच उपाशी होते. मी उठली.

दरवर्षी पौषात हे एक दिवस लोटीत थोडं दूध घेऊन निघायचे. मी दूध लोटीत ओतून द्यायची, बस, तेवढंच बोलणं. पुढे चाल पाडली, आम्ही मल्हारगंजात आलो, दुसरा मुलगा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं. लोटीचं दूध काही चुकलं नाही. शेवटी हे अंथरुणाला लागले तेव्हा म्हणाले, "आता तू जात जा."

मी म्हटलं, "कुठे?"

म्हणाले, "विहिरीच्या मागे. नाला वळतो तिथे. दोन ताड आहेत." आणि भिंतीकडे तोंड केलं, त्या दिवशीसारखंच.

हे गेल्यावर मी लोटी घेऊन निघाली. ना चाल, ना विहीर, ना ताड. हे इतकी वर्षं कशाच्या भरवशावर जागा ओळखत होते, त्यांनाच माहीत. सगळीकडे दुकानं, कारखाने, गाड्या. मिलची चिमणी आणि नाला तेवढा होता, नाला सिमेंटच्या भिंतींमध्ये बांधलेला. त्याच्या काठाकाठाने चालत गेली, तर पंपहाऊसच्या मागे तो वळत होता. एकच वळण होतं. मी म्हटलं, हेच. एक गोटा शोधला, नाल्याच्या काठी ठेवला, त्याच्यावर दूध ओतलं, दिवा लावला आणि आली.

पुढल्या पौषात गेली तर गोट्याला कुणीतरी शेंदूर फासलेला.

त्याच्या पुढल्या वर्षी झेंडा लागला. मग पत्र्याचं छप्पर, मग घंटी. पंपहाऊसचा चौकीदार मला बघून हात जोडायला लागला. "अम्माजी, आपके ही हाथ से शुरू हुआ है. बड़े चमत्कारी हैं. मेरे साले की नौकरी लग गई."

मी म्हटलं, "कौन?"

"अरे! नाले वाले बाबा! आपको ही नहीं मालूम?"

काय सांगणार होती मी? तुझ्या बाबाला दातसुद्धा आले नव्हते, हे सांगणार होती? एका वर्षी तर नारळवाल्या बायकांची मोठी गर्दी. मी लोटी घेऊन पुढे सरकली तर एक जण खेकसली, "अम्मा, लाइन में आओ!" मी लाइनमध्ये उभी राहिली. माझ्याच पोरासाठी लाइन. वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरं आहे, एकटा नाही पोर, चार माणसं येतात-जातात.

पण स्वप्नात तो वळेना. पाण्यातच उभा.

आमची सून ऑफिसात नक्श्यांचंच काम करते, कम्प्यूटरवर. मला त्यातलं काही कळत नाही. एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता ती खूश होऊन मुलाला सांगत होती, की सरकारने आपले नक्शे खुले केले. जुने, नवे, कुणीही घ्या, कशालाही वापरा. पहिले अर्ज करा, कशाला पाहिजे ते सांगा, परवानगीची वाट बघा. आता घरी बसून उतरवून घ्या.

मुलगा म्हणाला, "म्हणजे चोरांचीही सोय झाली."

ती म्हणाली, "चोरांना नक्शा लागत नाही. तुलाच लागतो. मल्हारगंजात जन्म काढला, तरी परवा गाडी बंद गल्लीत घातलीस."

मी म्हटलं, "त्या जुन्या नक्श्यात विहिरी असतात का गं?"

"असतात की. कोणती विहीर, आई?"

तेव्हा मी सांगितलं. मुलाला अर्धंमुर्धं माहीत होतं, तिला नव्हतं. तिने पोह्याची बशी तशीच खाली ठेवली आणि आतून आपला कम्प्यूटर घेऊन आली.

नक्शा उघडला. जुनाट, चहा सांडलेल्या कागदाच्या रंगाचा. बारीक बारीक रेघा, ठिपके, चौकोन. ती बोट फिरवत होती, मी तिच्या बोटामागे. असं वाटत होतं जणू घारीच्या पाठीवर बसून मी त्या दिवसांच्या वरून उडते आहे. ही चिमणी, ती म्हणाली. हे रूळ. ह्या तुमच्या चाली असतील, ओळीने. आणि हा नाला.

मला हसूच आलं. नाला निळा काढलेला. मिलमध्ये कापड रंगवायचे, ते पाणी त्यातच सोडायचे. कधी लाल वाहायचा, कधी हिरवा, लग्नसराईत तर एकदम हळदीसारखा. निळाही व्हायचा म्हणा कधीकधी. मोजणीवाले आले, तो नेमका तसला दिवस असेल.

"आई, ही बघा विहीर." एक लहानसं निळं गोल, टिकलीपेक्षाही लहान. "आणि हे ताडाचं चिन्ह." ताड एकच काढलेला होता. दोन झाडांना एकच काढतात की काय, कुणास ठाऊक. मी काचेवर बोट ठेवलं. काच गुळगुळीत, जरा कोमट.

मग तिने तो जुना नक्शा पातळ केला, दुधात पाणी घालावं तसा, आणि आजच्या नक्श्यावर पसरला. रूळ रुळांवर बसले. चिमणी चिमणीवर बसली. देऊळ देवळावर. नाला काही बसेना. ती परत परत सरकवत होती. म्हणाली, "माझंच काही चुकतंय." थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "नाही आई, चुकलं नाही. नालाच सरकवलाय. सिमेंटचा बांधताना सरळ केला असेल. जुनं वळण इथे होतं, विहिरीच्या मागे. पंपहाऊसचं वळण नवीन आहे, ते बघा, पार तिकडे."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं मी दूध कुणाला पाजत होती?"

मुलगा म्हणाला, "बाबांना," आणि लगेच त्याचं तोंड उतरलं.

आजच्या नक्श्यावर नाले वाले बाबा होते. नावासकट. लोकांनी फोटो टाकलेले, कुणी पाच-पाच चांदण्या दिलेल्या. ज्या गोट्याखाली काहीच नव्हतं तो सगळ्या शहराला ठाऊक, आणि जिथे पोर होतं तिथे नक्श्यावर नुसता राखाडी चौकोन. ह्यांच्यामागे त्याला एका वर्षीही दुधाचा थेंब मिळाला नव्हता. मी उठली. बशा उचलल्या, धुवायला घेतल्या. पाणी फार थंड लागलं.

सून स्वयंपाकघरात आली. "पौष आला की जाऊ, आई?"

"माझं वय वाट बघायचं नाही. पुढल्या रविवारी जाऊ."

मनात एकच भीती होती. तिथे कुणी संडास बांधला असेल तर? हे मी सुनेला सांगितलं नाही. रिक्शात लोटी दोन्ही हातांत धरून बसली. सून फोनवर तेच दोन नक्शे बघत रिक्शावाल्याला रस्ता सांगत होती. पोलोग्राउंडच्या बाजूला कारखाने लागले, गल्ल्या बारीक झाल्या, मग ती रिक्शावाल्याला म्हणाली, "भिया, बस, इथेच."

सेव-फरसाणाचा कारखाना होता. लहानसाच. दारापासूनच बेसनाचा आणि लवंगेचा वास, आत धूर, कढया, सेवेचे ढीग पिवळेधमक. मालक बाहेर आला, पोट सावरत. "माताजी, किलो के भाव में दे दूंगा, बोलो क्या चाहिए?"

सून म्हणाली, "यहाँ पहले कुआं था क्या?"

मालकाने कपाळाला हात लावला. "था क्या? अभी भी है, मैडम! भरा हुआ है, पर मानता नहीं. हर बरसात में फर्श बैठ जाता है. हर साल मलबा डालता हूं. पिताजी कहते थे, कुएं पर कारखाना मत डाल. आप नगर निगम से हो?"

"नाही हो," मी म्हटलं, "आम्ही इथे राहायचो." त्याला मराठी कळलं की नाही माहीत नाही, पण त्याने वाट सोडली.

आतून मागच्या दाराने निघालो. मागे चिंचोळी पट्टी, आता नाला नाही, त्याची नुसती खोलगट जमीन. तेलाचे रिकामे डबे, वाळत घातलेले टॉवेल, एका डब्यात तुळस लावलेली. सून फोनकडे बघत पावलं टाकत होती, मी तिच्या मागे. ती भिंतीपाशी थांबली. फोन थोडा फिरवला, परत बघितलं.

"इथे, आई. चार-पाच हात इकडे-तिकडे होऊ शकतं, नक्शा जुना आहे."

"चार-पाच हातांचं मी बघून घेईन," मी म्हटलं.

खाली बसायला आता मला भिंत लागते. मी भिंतीला हात टेकला आणि हात तिथेच राहिला. भिंत गरम होती. उन्हाने नाही, तिथे ऊन नव्हतंच. पलीकडे भट्टी होती. भाजलेल्या विटेची ती ऊब माझ्या तळहातातून मनगटापर्यंत चढली. हळूहळू मी खाली बसली. जमिनीला हात लावून बघितला. मातीसुद्धा कोमट होती, नुकतंच कुणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी.

लोटीतलं दूध मी थोडं थोडं करून ओतलं. मातीने लगेच घेतलं. भिंतीपलीकडे झारा कढईवर आपटत होता, कुणीतरी हिंदी गाणं गुणगुणत होतं, तेल चुरचुरत होतं. मी डोळे मिटले तर तेच धुकं, पण बेसनाच्या वासाचं. किती वेळ बसली ते कळलं नाही.

सून जवळ येऊन उकिडवी बसली. हळू आवाजात म्हणाली, "आई, आजच्या नक्श्यावर आपल्यालाही खूण टाकता येते. टाकू?"

मी विचार केला. आमच्यात खूण ठेवत नाहीत. ह्यांनी ठेवली नाही. मी ठेवली, तर त्याचा बाबा झाला.

"विहीर टाक," मी म्हटलं. "जुनी विहीर, एवढंच. बाकी राहू दे."

"आणि ते नाले वाले बाबा? काढायला सांगू?"

"कशाला? लोकांची कामं होतात."

मालक एका पुडीत गरम सेव घेऊन आला होता. माझ्या हातातली रिकामी लोटी त्याने बघितली, ओली माती बघितली आणि पुडी माझ्यापुढे केली. मीच विचारलं, "भिया, ये भट्टी कब बंद रहती है?"

"बंद?" तो म्हणाला. "दिवाली के दूसरे दिन, बस. नहीं तो माताजी, बारह महीने चालू. ठंड में तो और ज़्यादा."

मी मान हलवली. सुनेने हात पुढे केला, पण मी तिला म्हटलं, थांब जरा. आणि भिंतीला पाठ लावून बसली.