तुमी घाला, तुमी घाला

त्या मे महिन्यात घरचे सगळे आंबे चोखत होते आणि मी एक झेरॉक्स चघळत होते. पुण्यात मी कॉम्प्युटर शिकत होते. सुट्टी संपली की वर्गापुढे उभं राहून कॉम्प्युटरच्या एका नव्या भाषेवर बोलायचं होतं, झेरॉक्स तिच्याविषयीचाच. ती भाषा अजून घडतच होती आणि तिच्यात सगळं काम फंक्शननी, म्हणजे गणितातल्यासारख्या सूत्रांनीच करायचं. मागच्या खेपेला मी फळ्यापुढे उभी राहिले आणि तोंडातून शब्दच फुटला नव्हता. पुन्हा तसं झालं तर वर्ष गेलं, असं सरांनी बजावलं होतं.

भाषा मात्र मला फार आवडली होती. 'या दोन गोष्टी सारख्या का?' हा प्रश्न एकच. पण आकड्यांना विचारा, अक्षरांना विचारा, प्रत्येक प्रकार आपापल्या रीतीने उत्तर देतो. एखाद्याने स्वतःची रीत सांगितलीच नाही, तर एक तयार रीत ठेवलेली असते. 'वेगळ्या का?' याची तयार रीत अशी, की 'सारख्या का' ते विचारायचं आणि उत्तर उलटं करायचं. 'सारख्या का?' याची तयार रीत म्हणजे 'वेगळ्या का' विचारून ते उलटं करायचं. वा, सगळं आयतंच की! मी उदाहरणाला मासे घेतले, बांगडा, पापलेट, सुरमई, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन दोन्ही प्रश्न तयार रीतींवर सोडून दिले. सरांना पाठवलेला तो कागद टपालाने परत आला तेव्हा खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं : 'हे कधी संपणार?' मला वाटलं, माझा अभ्यास कधी संपणार असं विचारतायत. मी जाम चिडले.

त्याच आठवड्यात बाबांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला. आमच्याकडे नवं काहीही आलं, होडी असो की सून, की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला मोठ्याने होकार द्यायचा. मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. त्या दिवशी थोरले काका होते आणि नेमके मामाही आले होते.

"मामानू, तुमी पावणे. तुमी घाला," काका म्हणाले.

"छे, छे! थोरले तुमी. तुमी आसताना मी खंयचो? तुमी घाला."

"मान तुमचो."

"मान तुमचोच."

दोघांपैकी कोणी हटेना. नारळ उन्हात तापला. बाबा कुरकुरले, "आता लाइट जातली!" आई पदराआडून म्हणाली, "ह्या दोघांचा होईसर पोफळी सुकतली."

आणि मला फस्सकन हसू फुटलं. हे कधी संपणार? कधीच नाही! याने त्याच्यावर ढकलायचं, त्याने याच्यावर. माझ्या बांगड्या-पापलेटांचे ते दोन प्रश्न कागदावर अगदी हेच करत बसले होते. दोघांपैकी एकाला तरी स्वतःची रीत सांगावीच लागते, मग दुसऱ्याचं आयत्यावर भागतं. इतका आनंद झाला की मला स्वस्थ बसवेना.

मी उठले आणि नारळापुढे जाऊन हात जोडले.

"तू?" काका म्हणाले.

"कोणीतरी घालूकच होया मा?"

आमच्या घरात बाईमाणसाने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. "बा देवा म्हाराजा, हो पंप तुझ्या पायाकडे ठेवलो हा, हेची राखण कर रे म्हाराजा," मी म्हटलं आणि थांबले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीच्या गाऱ्हाण्याला होकार द्यायचा की नाही, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, पुन्हा त्या फळ्यापुढेच उभी आहे. तरी मी पुढची ओळ म्हटली, "आणि पुण्याक चार माणसांत माका तोंड उघडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

काकांनी टोपी सरळ केली, डोळे मिटले आणि आख्ख्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मग मामांना त्यांच्याहून मोठ्याने ओरडावंच लागलं.